पाण्यातला पैलवान

शुक्रवार पेठेत, पंक्चरच्या दुकानात
रंगराव सासन्यांनी एक तसबीर लावलेली:
झुपकेदार मिशा, कमरेला शेला, हातात पेटता टेंभा.
"कुठल्या तालमीचा ओ?" गिऱ्हाईक विचारायचं.
"पाण्यातल्या," म्हणायचे, आणि ट्यूब टबात दाबायचे.

ग्रीसचा तो. डांबर भरलेली होडी
सुलतानाच्या जहाजाच्या पोटाला अडकवली,
वात लावली, मग उडी.
महायुद्ध संपता संपता बोट पिरियसला लागली,
तिथं दोन सिगारेटींवर मिळालेली ही तसबीर.

स्वतःचं मात्र त्रोटक:
"सेहेचाळीसला आम्हीबी झेंडा उतरवला.
तुरुंग. मग थर्ड क्लासचं तिकीट,
समुद्र नसलेल्या गावाचं."

एकोणनव्वदला पंचगंगा पेठेत शिरली.
साठी उलटलेले रंगराव
गुऱ्हाळाची काहील घेऊन निघाले.
गोल, सुकाणू नाही, कडेला अजून चिकट काकवी.
काहिलीला आग ठाऊक, पाणी नवं;
त्यांना दोन्ही जुनं.
तेरा माणसं, एक शेळी. फेऱ्या मोजल्या नाहीत.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर
ओली काच, मिशा तेवढ्या उरलेल्या.
हात विरघळलेला, टेंभा कुठं गेला कळेना.

रंगरावांनी काडी ओढली, विडी पेटवली,
आणि बोटाला चटका बसेपर्यंत
काडी तसबिरीसमोर धरून ठेवली.