खालचा कप्पा

शनिवार, रात्रीचे साडेदहा. कॅज्युअल्टीचा पंखा
फिरूनही उभाच वाटतो, असला सोलापूरचा मे.
विडी घरकुलातून नरसम्मा यलदी, मुलगी कडेवर:
"सिस्टर, कचऱ्यात सुई गावली ओ पोरांना.
डॉक्टर-डॉक्टर खेळत होते.
हिला पेशंट केलं."

लावण्या, वय सहा. डाव्या दंडावर
तिळाएवढा ठिपका, रक्त कधीच सुकलेलं.
पाचला टोचली. मग एक दवाखाना, मग दुसरा,
दोन्हीकडे एकच वाक्य: सिव्हिलला न्या.

धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी धाडता आलं असतं.
गेल्या वर्षी एका पोराला मीच धाडलं तसं:
सोमवारी या, नऊला, एआरटीला, केसपेपर आणा.
सोमवारी सुट्टी निघाली.
तो मंगळवारी आला, दुपारनंतर.
पुढं काय झालं ते
मी अजून विचारलेलं नाही.

बहात्तर तास, असं भिंतीवर लिहिलंय.
लोक ते मुदत म्हणून वाचतात, वीजबिलासारखं.
ती दार लागायची वेळ आहे, बाई.
यायची वेळ पाचला टोचली तेव्हाच झाली.

मुलांचं औषध वजनावर. मुलांचा काटा बिघडलेला.
आईला लेकीसकट मोठ्या काट्यावर चढवलं: एकसष्ट.
मग आई एकटी: सेहेचाळीस.
वजा करून हाती आली ती लावण्या.
पंधरा किलो.

"कुणाची सुई होती?" नरसम्मा हळू विचारते.
माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच गोळी.

तीन अर्ज केले तेव्हा हा डबा मिळाला:
पहिल्या तीन दिवसांचा पुडा, वजनाचा तक्ता
चिकटपट्टीनं झाकणावर डकवलेला.
कुलूप नाही. कुणाच्या सहीची वाट नाही.
खालच्या कप्प्यात, सलाइनच्या नळ्यांशेजारी.

चमचाभर पाण्यात गोळी विरघळवली.
लावण्यानं थुंकली, माझ्या ॲप्रनवर.
पुन्हा विरघळवली. साखर कुठली आणायची रात्री?
वॉचमन मारुतीअण्णांनी चहाची पुडी दिली.
दहा छपन्न, मी रजिस्टरात लिहिलं,
आकडा नीट गिरवून.

"अठ्ठावीस दिवस, रोज. मधे सोडायचं नाही."
"हजार विड्या मोजते मी रोज," नरसम्मा म्हणते,
"अठ्ठावीस चुकणार आहेत व्हय?"
पण पुडा हातात घेताना बोटं थरथरली तिची,
तंबाखूनं पिवळी झालेली.

दारापाशी लावण्या मागं वळली:
"उद्या मी डॉक्टर होणार."

डब्यात दोनच पुडे उरलेत.
मागणीची चिठ्ठी लिहिते आहे,
आत्ताच. सकाळवर टाकत नाही.