निव्वळ

सव्वीस वर्षं मी आमोण्याच्या धक्क्याजवळ
वजनकाट्यावर बसलो.
ट्रक चढायचा, सुई थरथरायची,
मी लिहायचो: भरलेलं.
परत येताना लिहायचो: रिकामं.
वजा करून उरेल ते निव्वळ.
पैसे फक्त निव्वळाचे.

लाल माती बार्जमधून मांडवीने खाली जायची,
मुरगावला मोठ्या बोटीत चढायची,
तिथून जपान, कोरिया, चीन.
तिचा कुठे तवा झाला, कुठे रूळ,
कुठे बंदुकीची नळी,
पावतीवर त्यासाठी रकाना नव्हता.
मीही कधी मागितला नाही.
संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल लाल,
एवढाच माझा परदेशाशी संबंध.

मग खाण बंद पडली.
मिंगेलने ट्रक विकला, मी कोंबड्या पाळल्या,
जयवंती गावसचा तुळशीदास फौजेत गेला.
क्रमाने सांगतोय, कारण नंतर भाषणांत
क्रम बदलला:
आधी देशप्रेम, मग भरती,
आणि खाण कुठेच नाही.

तो दाबोळीला विमानाने उतरला.
आणायला पोरं दोन टेंपो घेऊन गेली होती,
एकावर फुलं, एकावर स्पीकर.
प्रत्येक तिठ्यावर थांबत
घरी पोचायला त्याला रात्र झाली.
इतका उशीर तो फक्त जत्रेला करायचा.

पेटी उघडू दिली नाही.
कोणी तरी ओरडलं, नकाशातून पुसून टाकू त्यांना.
टाळ्या पडल्या.
त्यांत माझ्याही होत्या, खोटं कशाला बोलू.
शिकलेला म्हातारा म्हणून माझ्या हाती माइक दिला
तर मी म्हणालो, आपला देश महान आहे.
दोनदा म्हणालो.
दुसऱ्या वेळी आवाज फार छान लागला.
पेटी तशीच सरणावर चढली.

बाराव्यानंतर जयवंती कागद घेऊन आली.
"तूं वाचतलो न्हय रे, पळय मात्शें."
मी चष्मा पुसला.
दोन पत्रं, एक अर्ज, एक बँकेचा फॉर्म,
आणि विमानाची मालपावती.
नग एक. वजन एकशे चौदा किलो.
तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"हें कितें?"
वजन, म्हटलं.
"ताचें?"
पेटीसकट.
अंगणात कोंबड्या दाण्यावर भांडत होत्या.
"आनी पेटी काडून?"

सव्वीस वर्षं जी वजाबाकी डोळे मिटून केली
ती मला येईना.
रिकाम्या पेटीचं वजन कुठेच लिहिलेलं नव्हतं
आणि पेटीची तर राख झाली होती.

देश मोठा असेलही.
भरलेला पाहिलाय मी तो त्या दिवशी,
फुलं, मंत्री, स्पीकर, झेंडे, टेंपोच्या टपावर उभी पोरं,
टायर बसले होते इतका भरलेला.
पण रिकामा करून
काट्यावर त्याला कोण परत आणतो?
चौदा एप्रिल असो, एकोणीस डिसेंबर असो,
कुणी महान म्हणालं की हल्ली
माझा हात आपोआप
दुसऱ्या रकान्याकडे जातो.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आला होता
तेव्हा माझ्या दाण्याच्या काट्यावर तुळशीदास
गंमत म्हणून उभा राहिला होता.
"काका, माझी पावती फाडा."
तो आकडा मला आठवत होता.
पेटीत तो तेवढाच होता का,
ते मला माहीत नाही.
ज्यांनी झाकण ठोकलं त्यांना माहीत.

मी सांगितलं, अडुसष्ट.

तिने पावतीची चार घड्या घातल्या,
पोलक्यात खोचली,
पायऱ्या उतरताना स्वतःशीच म्हणाली,
"म्हणटकच बरो जेवतालो थंय."