मागच्या बाजूला

दर शुक्रवारी शेवटच्या तासाच्या आधी
मी पालकांसाठी चिठ्ठी लिहिते.
वसंतमामा झेरॉक्स काढून आणतात,
चौपन्न प्रती, अजून कोमट.
मुलं त्या आधी गालाला लावतात,
मग डायरीत चिकटवतात.

पालकांस सप्रेम नमस्कार.
इयत्ता सातवी ब, कोपरखैरणे.
पूर्णांक संख्यांची बेरीज झाली, वजाबाकी सुरू आहे.
विज्ञानाची चाचणी मंगळवारी.
पाण्याच्या बाटल्या घासून पाठवाव्यात,
आतून.

एवढंच मावतं अर्ध्या पानात.
उरलेलं मी रिक्षा मिळेपर्यंत मनात वागवते:

की प्रतिज्ञा म्हणताना परवा निनादचा आवाज फुटला.
तिसऱ्या ओळीपर्यंत मुलगा होता,
चौथी ओळ कुणा काकांनी म्हटली.
सगळे हसले, तोही हसला,
आणि मग दिवसभर त्याने उत्तरं फळ्यावर लिहूनच दिली.

की मैथिली भोईर दिवाळीनंतर एकदम उंच झाली
आणि आता पोक काढून बसते.
"ताठ बस" म्हणणं मी सोडून दिलंय,
नुसती तिच्या बाकाजवळून ताठ चालते.

की झैनब आणि रेवतीच्या मध्ये एक मोडकं कर्कटक आहे.
आज अबोल्याचा नववा दिवस.
तरी डबे मध्येच उघडतात,
आणि न बघता एकमेकींचं खातात.

की दुपारी एमआयडीसीकडून वारा आला
की खिडक्या लावायला पाचजण एकदम उठतात.
या वर्गाचं एवढंच एकमत.

की एका उत्तरपत्रिकेवर आईची सही आहे
आणि ती आईची नाही.
आई 'ळ'ला गाठ मारते,
हा 'ळ' सुटलेला होता.
गणितात अकरा. मी अजून विचारलेलं नाही.
आधी मी विचारते की आधी ती सांगते,
आमच्यात शर्यत चालू आहे.

सोमवारी चिठ्ठ्या परत येतात, खाली सही घेऊन.
कुणावर हळदीचं बोट,
कुणावर धाकट्या भावाने काढलेला हत्ती.
वाचल्याची खूण म्हणून मला हत्ती पुरतो.

या सोमवारी एकीच्या मागच्या बाजूला
गोण्यांवर नंबर टाकतात तसल्या जाड मार्करने लिहिलेलं,
शाई माझ्या वजाबाकीच्या आरपार आलेली:

बाई, मी मार्केटातून येतो तेव्हा तो शाळेत.
तो येतो तेव्हा मी झोपलेला.
रविवारी समोर बसतो, पण बोलत नाही.
शाळेत बोलतो का?
प्रज्योत शिर्केचे वडील.

मी चिठ्ठीची घडी घातली. परत उघडली.
खरं सांगायचं तर मलाही त्याचा आवाज आठवेना.
हजेरीला तो हात वर करतो,
आणि जून महिन्यापासून मी तेवढ्यावर भागवत आले.

पाचव्या तासाला फळ्यावर लिहिलं:
उणे तीन वजा उणे पाच.
चौघांनी उणे आठ सांगितलं, एकाने शून्य,
एक म्हणाला, बाई, पाणी पिऊन येऊ?
मग मागच्या बाकावरून, हात वर न करता:

"तीन गोणी कमी आहेत.
पण पाच गोण्यांची तूट चुकून लिहिली होती,
ती खोडली. मग दोन जास्त भरतात."

सगळा वर्ग मागे वळला.
पंख्याची करकर ऐकू आली.
मी विचारलं, हे कुठे शिकलास रे?
त्याने कंपासचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.
"पप्पा झोपेत मोजतात.
मी तिथेच गृहपाठ करतो."

संध्याकाळी स्टाफरूममध्ये दिवे जाईपर्यंत बसले.
तीन चिठ्ठ्या फाडल्या.
चौथीच्या मागच्या बाजूला लिहिलं:

बोलतो.
आज दोनदा बोलला.
पहिलं उत्तर बरोबर होतं, वहीत आहे.
दुसरं त्याला रविवारी विचारा.

ता.क. बाटली आतून स्वच्छ होती.