रेंज

बारा खुर्च्या. आम्ही पाच,
तेही हटवार साहेबांना धरून,
जे रात्री दहापासून स्वतःच हेडफोन लावून बसलेत.
उरकुडेचा पाय मार्चमध्ये मोडला,
तिच्या ड्रॉवरला अजून तिचंच नाव.
निमजे बीएडला गेली, ती गेलीच.
चार पदं प्रस्तावित आहेत.
साहेब हा शब्द असा उच्चारतात
जसं डॉक्टर म्हणतात, बघू या.

नवतपा चालू आहे. मध्यरात्रीही
बाहेरची भिंत अंगात ताप असल्यासारखी.
आत मात्र सर्व्हरसाठी एसी अठरावर,
म्हणून मी नागपुरात, मे महिन्यात, शाल पांघरून.
दुपारची पाळी संपली तेव्हा सही केली,
तिच्याच खाली रात्रीची सही.
पेनसुद्धा तेच.

पारडीला ट्रक आणि टेम्पो.
मानकापूरहून एक बाई, बोलत नाही,
मागे टीव्ही मुद्दाम मोठा केलेला.
हो असेल तर एकदा खोका, मी म्हणते.
ती खोकते.
गोधनीचे काका रोजच्यासारखे, लाइट कधी येणार.
काका, हा नंबर त्याच्यासाठी नाही.
"माहीत हाये न बाई. पण तिकडं कोनी उचलत नाही."

दोन चाळीस. वाठोडा.
आवाज फुटायच्या वयातला मुलगा.
"बाबा उठूनच नाही राह्यले जी."
श्वास?
"नाही समजून राह्यला."
फोन स्पीकरवर टाक. जमिनीवर घे त्यांना.
छातीच्या मधोमध, तळव्यावर तळवा.
जोरात. घाबरू नको. माझ्यासोबत मोज.

जवळची गाडी उभी होती, ड्रायव्हर नव्हता,
तो दुसऱ्या कुणाच्या जागी दुसऱ्या गाडीवर.
मग मेडिकलकडून एक निघाली.
मी नकाशावर तिचा हिरवा ठिपका बघत होते
आणि मोजत होते, तीसपर्यंत, पुन्हा एक,
तीसपर्यंत, पुन्हा एक,
आणि कुठेतरी
मी नव्हते.

स्वप्न नव्हतं ते.
पापणीच्या आत आणखी एक खोली होती,
तिथे फोन नव्हते, इतकंच.

सतरा, कुणीतरी म्हणालं.
अठरा.
धापा टाकत, एकटाच.
एकोणीस. वीस. एकवीस.
बावीसला मी परत आले.
तेवीस, मी म्हटलं.
"तेवीस," तो म्हणाला. आणि दोन दाबांच्या मध्ये,
"रेंज गेल्ती का जी तुमची?"
हो, मी म्हटलं. रेंज.

दोन सत्तावन्नला दार, बरेच पाय, स्ट्रेचरचं चाक.
कुणाचा तरी हात फोनवर पडला.
पुढचं आम्हाला कळत नाही. कधीच कळत नाही.
शेऱ्यात लिहिलं: रुग्णवाहिका पोहोचली.
बाकीचं कुठे लिहायचं
त्याला रकाना नाही.
वाजणारा फोन होता, तो उचलला.

सकाळी सातला टपरीवर तर्री पोहे घेतले,
पहिला घास तोंडात,
तर साहेब चप्पल ओढत रस्ता ओलांडून आले.
माझ्याकडे न बघता, तर्रीतल्या चण्यांकडे बघत म्हणाले,
गजभियेच्या पोरीला ताप आहे.
फक्त दोनपर्यंत.
त्यांच्या दोन्ही कानांभोवती
हेडफोनच्या गादीचे लाल वळ.

मी हो म्हटलं नाही.
पोहे संपवले, चमचा धुऊन दिला, चढले.
रजिस्टरात तिसरी सही करताना पेन अडलं.
उरकुडेच्या ड्रॉवरमध्ये हात घातला.
खोकल्याच्या दोन गोळ्या,
लुनाच्या सर्व्हिसिंगची पावती,
एक गुलाबी क्लिप, आणि पेन.
क्लिप केसांना लावली.
गोळ्या तिच्या तिलाच राहू दिल्या,
येईल ती.