हेळव्याची नात

आजोबा बैलावर बसून गावं फिरायचे,
उदगीर, देवणी, औराद, पार बिदरपर्यंत.
ओसरीवर चोपडी उघडून बारा पिढ्या म्हणून दाखवायचे,
पायलीभर ज्वारी घेऊन पुढं निघायचे.
मी लातूरला, एसीच्या खोलीत,
काविळीच्या पिढ्या म्हणते.

कावीळ हे नाव एक, घराणी पाच.
ए, बी, सी, डी, ई.
एकाच यकृताच्या दारात भेटतात
म्हणून लोक भाऊभाऊ समजतात,
नात्यानं कुणी कुणाचं नाही.
डी तर बीचा सदरा उसना घेतल्याशिवाय
घराबाहेरच पडत नाही.
आजोबांनी त्याला सरळ घरजावई लिहिलं असतं.

ढाकेवाडीहून बर्फाच्या डब्यात एकोणीस नळ्या आल्या.
वरची गल्ली म्हणायली, खालच्या वस्तीतून आलं.
खालची वस्ती काहीच म्हणेना,
तिच्याकडं टँकर तसाही शेवटी येतो.

सगळ्या ई. पहिला प्रकार.
चारच अक्षरांची भाषा, तीनशे अक्षरांचा तुकडा.
ओळीखाली ओळ लावली
आणि खुरपायला बसल्यासारखी
चुका वेचत गेले,
कारण इथं नातं चुकांवरून कळतं:
एकीच्याच पोटातली चूक ज्यांनी जपली, ती भावंडं.
पडद्यावर झाड उगवलं.
एकोणीस पानं, एकच फांदी,
वरची खालची अशी मिसळलेली
की गल्ली ओळखू येईना.

सरपंचांचा फोन.
मॅडम, मग आलं कुठून?
म्हटलं, झाड फांदी दाखवतं,
फुटका पाईप दाखवत नाही.
तो तुम्ही खणा.
आणि पाणी उकळा. दोन्हीकडं.

चौदा नंबरची नळी सातव्या महिन्यातल्या बाईची.
नळीला गुंडाळून, बर्फात भिजून,
काविळीची माळही आली होती चुकून.
उतार पडला की रोज लांबते म्हणतात ती.
ही वीतभरच.

आजोबांच्या चोपडीत बायका नव्हत्या.
माझ्या झाडावर ती आहे, पण नाव नाही:
ढा-चौदा, तारीख, तालुका.
नियमच आहे, आणि बरोबर आहे.

रविवारी घरी चोपडी काढली.
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
शेवटच्या पानावर लिहिलं, अनुसया.
कुणाची लेक, कुणाची बायको, काही नाही.
आजोबा असते तर म्हणाले असते,
काय लिहायलीस, हे कुठलं घराणं?

तिच्याखाली एक ओळ
मोकळी सोडली.