माप

त्या जूनमध्ये पारामारिबोत कातडं मिळेनासं झालं.
नदीकाठच्या व्यापाऱ्यानं भाव दुप्पट केला
आणि माझ्या दुकानासमोर, चिंचेच्या सावलीत,
अनवाणी माणसांची रांग लागली.

गुलामानं जोडा घालायचा नाही, असा नियम होता.
एक जुलैपासून गुलाम उरणार नव्हते.
हिशोब सरळ होता. कुणी न शिकवता
सगळ्यांना आला.

मी आयुष्यभर गोऱ्यांचे पाय मोजले:
अरुंद, मऊ, बोटं एकमेकांना चिकटलेली.
माझे साचे सगळे त्याच पायांचे.
हे पाय साच्यात बसेनात.
उसाच्या चिखलात पसरलेले,
टाचेच्या भेगेत बोटाचं पेर मावेल असे,
आणि अंगठा एकटाच बाजूला उभा,
घरातून भांडून निघालेल्या भावासारखा.

आईनं मला विकत घेऊन सोडवलं
तेव्हा मी चार वर्षांचा होतो.
माझे पाय लवकर झाकले गेले.
त्यामुळे असेल, माप घेताना
मी मान वर करत नव्हतो.

आफिबा रविवारी आली, दुकान बंद असताना,
स्टिलेहुक मळ्यावरून रात्रभर होडी वल्हवून.
पाय पुढे केला नाही. दोरी दिली.
दोरीला दोन गाठी. "एवढा लांब."
"आणि रुंद?"
तिनं फळीवर तळहात टेकवला, बोटं फाकवली.
"आईचा. ती चालत नाही आता.
पण त्या दिवशी तिला दारात बसवणार आहे."

अडीच गिल्डर सांगितले.
तिनं सगळी चिल्लर ओतली, वर दोन अंडी.
मळेवाल्याला सरकार माणशी तीनशे देणार होतं,
त्याचं नुकसान झालं म्हणून.
म्हातारीचेही तीनशे, न चालणाऱ्या पायांसकट.
झुकतं माप कुणाच्या पदरात पडतं
हे तराजूला विचारू नये.

तोफा एकवीस झाल्या. मी मोजल्या, सवयीनं.
रस्ताभर नव्या कातड्याची करकर.
लोक लंगडत होते आणि हसत होते.
एकानं तर कोपऱ्यावर जोडे काढले,
काखेत मारले,
आणि तसाच नाचत चर्चकडे गेला.

मग करारनामे आले.
अजून दहा वर्षं, सरकारी देखरेखीखाली, मजुरीवर,
बहुतेकांना तोच ऊस.
सुटलेल्या माणसांनी कागदावर अंगठे उठवले.

अठराशे त्र्याहत्तरला आफिबा परत आली.
फडक्यात तेच जोडे.
तळ कोरा, मातीचा कण नाही.
फक्त आत, टाचेपाशी, कातडं जरा काळवंडलेलं
एका दिवसाच्या घामानं.

"मला होतील असे कर," म्हणाली,
आणि बाकावर बसून पाय पुढे केला.

तिची दोरी अजून खिळ्याला लटकत होती.
ती मी काढली नाही.
गुडघे टेकले.
आधी तिच्याकडे पाहिलं,
मग पायाकडे.