चौऱ्याहत्तर

मीठदाणीखाली बाबांनी घराचे कागद ठेवलेत,
सही करून.
तीस वर्षं पीटरहेडच्या बर्फ कारखान्यात
गारठलेल्या बोटांची सही, ड्युगल्ड मन्रो, जरा वाकडी.

शेजारी ते गुळगुळीत पुस्तक:
स्पेनमधली अकादमी, अठरा महिने, भरपूर ऊन,
खांद्यावर पट्ट्या लावलेली, दात दाखवणारी मुलं.
सगळं एकरकमी. बँक तयार आहे. घर तारण.

दुसरी वाट कुठे छापलेली नाही.
ती माझ्या वहीत आहे, खवल्यांसकट:
एक तास उड्डाण म्हणजे
हॅडक कापण्याच्या अडीच पाळ्या.
तेरा पेपर, रात्री, स्वयंपाकघरात.
वारा असेल तर नाही, पैसे नसतील तर नाही.
सहा वर्षं. कदाचित सात.
आणि शेवटी कंपनीच्या टेबलावर
माझं ठिगळाठिगळांचं लॉगबुक.

"आधी मेडिकल," क्लबातली मॉर्वेन म्हणाली,
हाताचं तेल पँटला पुसत.
"एक पौंडही खर्चायच्या आधी.
वाटा काय, पळून जात नाहीत."

म्हणून ॲबरडीन. बाबा हट्टानं सोबत,
एक मोजा हिरवा, एक तपकिरी, नेहमीसारखे.
डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांची पानं उलटली.
चौऱ्याहत्तर, मी म्हटलं. सहा. पंचेचाळीस.
दार अर्धवट उघडं होतं.

परतताना बस एलनला थांबली तेव्हा ते बोलले:
"सतराव्या वर्षी मलाही दाखवलेली तसली पानं.
बोटीवर घेणार होते, थेट सुकाणूपाशी.
मी म्हटलं, ठिपके आहेत.
म्हणाले, नीट बघ.
मी नीट बघितलं, शोना.
ठिपकेच होते."

मग बराच वेळ काचेवरचा पाऊस.
"पहिल्या पानावर किती होते?"
"चौऱ्याहत्तर."
"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा.

आज मीठदाणी उचलून मी कागद
परत पांघरुणांखाली ठेवले, होते तिथे.
ते भडकले. घर माझं, सही माझी,
तू कोण ठरवणार, आणि माझं...
पुढचा शब्द सापडला नाही,
किंवा सापडला आणि सांगितला नाही.
मासे कापायचा सुरा घेऊन मी पाळीला गेले.

वहीत लिहिलंय: शनिवार, एक तास.
मागच्या सीटवर बाबा, फुकट.
धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात,
उतार बरोबर असला की दोन पांढरे, दोन लाल.
ते विचारतील, किती लाल?
मी सांगेन.